डावखुऱ्यांचं दुकान

९ जानेवारी

आज कारखान्यातला शेवटचा दिवस. मुकादम म्हणाला, "ही कात्री तुझीच ना? घेऊन जा, इथे दुसऱ्या कोणाला चालत नाही." इतकी वर्षं उभं राहून कापड कापलं, त्याचा निरोपसमारंभ एवढाच. आता कापायला यंत्र आलंय. त्याला डावं-उजवं कळत नाही आणि त्याचे पायही दुखत नाहीत.

घरी आले तर हे खिडकीजवळच्या खुर्चीत. यांची कंपनी गेल्या वर्षीच बंद पडली, तेव्हापासून ती खुर्ची यांची. म्हटलं, सरका जरा, आता आपण दोघंही बेकार. हसले, पण सरकले नाहीत.

संध्याकाळी ताई आली. मी रडतेय की काय ते बघायला आली असावी, पण मी कात्रीला तेल लावत बसले होते. तिनं ती हातात घेऊन कागद कापून बघितला. कागद नुसताच मुडपला. तुझ्यासारख्या डावऱ्यांनी कात्री आणायची तरी कुठून, असं म्हणाली. मी सांगितलं, इथे मिळतच नाही. ही मी कारखान्यात आलेल्या एका परदेशी गिऱ्हाइकाच्या मागे लागून मागवली होती. ताई गप्प झाली. ताई गप्प झाली की तिच्या डोक्यात काहीतरी शिजत असतं. चपला घालता घालता म्हणाली, "आपण आणू. बाहेरून मागवू आणि ऑनलाइन विकू. फॉर्म-बिर्म मी बघते. तू फक्त हात चालव."

१५ जानेवारी

दुकान झालं! नाव 'डावरी'. लहानपणापासून ताई मला हीच हाक मारते. सगळं ताईच्या फोनवर, तिच्या नावावर, तिच्या बँकेत. माझ्या फोनवर फॉर्म उघडतच नाही, आणि उघडला तरी तिसऱ्या रकान्यात माझं डोकं उठतं.

यांनी विचारलं, यात तुझं नाव कुठे आहे? म्हटलं, पाटीवरच आहे की. हे म्हणाले, तसं नाही, कागदावर. मला रागच आला. आई गेली तेव्हा माझ्या प्रगतिपुस्तकावर सही ताईनं केली, वेण्या ताईनं घातल्या, माझ्या वाटणीचा मार ताईनं खाल्ला. तिच्याशी कसले कागद करायचे? यांना बहीण नाही, म्हणून कळत नाही.

२० फेब्रुवारी

पहिला खोका आला. कापडाच्या कात्र्या, केसांच्या कात्र्या, मुलांच्या बोथट टोकाच्या, शिवाय डाव्या हातानं चालणारी सालकाढणी आणि डावीकडे चोच असलेला डाव. तो डाव बघून मी मोठ्यांदा हसले. आजवर मी वरण वाढताना हात मुरडते आणि सगळे म्हणतात हिला वाढताच येत नाही.

एकेक कात्री कापडावर, कागदावर, केसावर चालवून बघितली. चार बाजूला काढल्या. ताई म्हणाली, गिऱ्हाइकाला काय कळतंय? मी म्हटलं, गिऱ्हाईक डावरं आहे, त्याला आयुष्यभर हेच कळत आलंय. ताईनं हात जोडले.

पॅकिंगचं मीच ठरवलं. पाकीट उघडताना कोणाच्या बोटात टोक घुसायला नको, म्हणून टोकाला बाटलीचं बूच. कोपऱ्यावरच्या हॉटेलातला वाढपी पिशवीभर देतो. बुचाला उभी चीर पाडायची, टोक आत सरकवायचं, वरून कागदाची एक घडी आणि दोऱ्याची गाठ. दुकानाचं नाव पाकिटावर, मागे माझा पत्ता. ताई म्हणते, एवढ्या वेळात दहा पाकिटं होतील. होऊ देत ना!

व्हिडिओही केला. हे फोन धरून उभे आणि मी टेबलाशी. तोंड दाखवायला मी नाहीच म्हटलं, पन्नाशीकडे झुकलेलं तोंड बघून कोण कात्री घेईल? नुसता हात आणि आवाज. अंगठ्यावर इस्त्रीचा डाग आहे तो दिसतो. ताई म्हणाली, राहू दे, खरं वाटतं.

२३ मार्च

ऑर्डरी येताहेत. एका पार्लरवालीनं दोन घेतल्या, वापरून आणखी घेतल्या आणि खाली लिहिलं की आयुष्यात पहिल्यांदा मनगट दुखलं नाही. एका आईनं लिहिलं, मुलगी शाळेत कागद फाडते म्हणून बोलणी खायची, आता सरळ कापते. ते वाचून मी आत जाऊन तोंड धुऊन आले.

यांना बुचं लावायला शिकवलं. आधी बोट कापून घेतलं, मग असा हात बसला की आता माझ्यापेक्षा यांची गाठ नीट येते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एका टेबलाशी बसून काम आत्ताच करतोय. हे शीळ घालतात. मला माहीतच नव्हतं यांना शीळ येते.

१९ एप्रिल

ताईनं दुसऱ्या ठिकाणाहून नमुने मागवले. निम्म्याहून कमी भाव. हातात घेतल्याबरोबर कळलं. नुसती मूठ डावी, पाती उजवीच. म्हणजे डाव्या हातानं धरली तर आपण कापतोय ती रेघ दिसत नाही आणि पाती एकमेकींपासून लांब जातात. कापड चघळल्यासारखं होतं. ताईला कापून दाखवलं. ती म्हणाली, दिसायला तर सारखीच आहे. मी म्हटलं, ताई, अशी कात्री डावऱ्याला विकणं म्हणजे भुकेल्यापुढे चित्रातलं जेवण ठेवणं. हा माल आपल्या दुकानात येणार नाही.

मला वाटलं चिडेल. पण नाही. म्हणाली, "बरं बाई, तुझ्या दुकानात नाही येणार." माझं ती नेहमीच ऐकते. आणि बघा, 'तुझं दुकान' म्हणाली. यांना मुद्दाम सांगितलं.

१४ मे

देव पावला! दाजींनी यांना काम दिलं. त्यांच्याच ओळखीचं एक गोदाम आहे, तिथे माल बांधायचा आणि पाठवायचा. महिन्याच्या महिन्याला पगार. हे गेल्या वर्षभरात पहिल्यांदा आरशासमोर उभं राहून भांग पाडत होते.

ताईला फोन करून म्हटलं, तुझे उपकार कसे फेडू? ती म्हणाली, उपकार कसले, घरातलाच माणूस. मग घाईत ठेवून दिला.

ऑर्डरी मात्र रोडावल्यात. ताई म्हणते, सुट्ट्या आहेत, सगळेच दुकानदार रडताहेत.

११ जून

आज एकच ऑर्डर. काल एकही नव्हती.

हे थकून येतात. बाह्यांना डिंक चिकटलेला, बोटांवर बारीक चिरा. गोदामात काय बांधता विचारलं तर म्हणाले, किरकोळ सामान. नव्या मऊ सपाता आणल्या माझ्यासाठी. सपातांच्या आधी कधी काही आणलं होतं ते आठवत बसले आणि आठवलं नाही. माणूस हाताला काम असलं की उदार होतो. म्हणून हल्ली यांच्या ताटात एक अंडं जास्त टाकते. अंगमेहनत आहे.

जाताना बुचांची पिशवी मागितली. म्हणाले, इथे पडूनच आहेत, तिकडे उपयोगी पडतील. दिली. पडून आहेत हे खरंच.

६ जुलै

ताईला व्हिडिओ हवेत. म्हणाली, जाहिरात केल्याशिवाय गाडं रुळावर यायचं नाही. चांगले डझनभर केले. केसांची कात्री, मुलांची, कापडाची. मी जीव ओतून बोलले. ताईनं आधीच बजावलं होतं, दुकानाचं नाव घेऊ नकोस, नुसती कात्री दाखव, हल्ली लोकांना जाहिरातबाजी आवडत नाही. तिला यातलं कळतं.

हे फोन धरायला तयार नव्हते. हात दुखतो म्हणाले. मग पुस्तकांच्या चळतीला फोन टेकवून केले. मी बोलत होते तेव्हा हे दारात उभे होते, आणि मी वर बघितलं तर निघून गेले. कंटाळले असतील. तोच तोच हात किती बघायचा.

२७ जुलै

या महिन्यात ताई एकदाही आली नाही. मी जाते म्हटलं तर कधी पाहुणे, कधी रंगकाम. दमते बिचारी. माझ्या रिकाम्या दुकानाचा व्याप तिनं गळ्यात घेतला आणि मी तिला नुसती विचारून भंडावते. उद्यापासून विचारायचं नाही.

१८ ऑगस्ट

दुपारी बेल वाजली. दारात अनोळखी बाई, खांद्याला मोठी पिशवी. म्हणाली, डावरी तुम्हीच ना? ती पार्लरवाली होती, आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक. जुन्या पाकिटावरचा पत्ता शोधत आली होती. मला इतका आनंद झाला की मी तिला बोलूच देईना. चहा टाकला, खुर्ची पुसली.

ती बसली नाही. पिशवीतून एक कात्री काढून टेबलावर ठेवली.

"मॅडम, तुमच्यावर विश्वास ठेवून शिकाऊ मुलींसाठी एकदम बारा घेतल्या. काल एका बाईचे केस उपटले गेले. ती रडत उठून गेली. तुम्ही असं कराल असं वाटलं नव्हतं."

हातात घेतली. मूठ डावी, पाती उजवी. म्हटलं, ही आमची नाही. तिनं फोन पुढे केला. 'लेफ्टी बझार' नावाचं दुकान. आणि त्यात माझा हात. अंगठ्यावर इस्त्रीचा डाग. माझाच आवाज सांगत होता, ही कात्री केस ओढत नाही, मी स्वतः बघून घेतली आहे. जुलैतला व्हिडिओ, मी चांगल्या कात्रीवर केलेला. त्याच्या खाली विकत होते ही खोटी. विकलेल्या मालाचा आकडा माझ्या दुकानाच्या कितीतरी पट होता.

ती म्हणाली, नाव बदललेलं दिसलं, पण हात तोच होता आणि बांधणीही तुमचीच, म्हणून शंका घेतली नाही. आणि पिशवीतून न उघडलेलं पाकीट काढलं. मी उघडलं. टोकाला बूच, उभी चीर, कागदाची एक घडी, दोऱ्याची गाठ.

मी तिची माफी मागितली. जे माझं नव्हतं त्याची मागितली. माझ्याजवळच्या उरलेल्या केसांच्या कात्र्या तिला देऊन टाकल्या. ती घेईना, पण मी पिशवीत घातल्याच. जाताना म्हणाली, मला वाटलं होतं तुम्ही निदान भांडाल.

१९ ऑगस्ट

व्हिडिओ कोणी चोरले असतील. ताईच्या फोनवरून चोरले असतील. लोक काय वाट्टेल ते करतात.

बांधणी ताईनं बघितलेली आहे. तिनंच कोणाला सांगितली असेल, बोलता बोलता. एवढं काय आहे त्यात, बूच कोणीही लावेल.

गाठ फार नीट होती.

यांना काही सांगितलं नाही. दमून आले होते. जेवले, झोपले. मी बघत बसले.

२० ऑगस्ट

न सांगता ताईकडे गेले. रंगकाम वगैरे काही नाही. बाहेरच्या खोलीत छतापर्यंत खोके, आणि एप्रिलमधल्या नमुन्यांच्या खोक्यावर होता तोच पत्ता या खोक्यांवर. दाजी मला बघून आत गेले ते बाहेर आलेच नाहीत.

ताई घाबरली नाही. मला वाटलं होतं घाबरेल, रडेल, आणि मग मी तिला समजावीन. वाटेत मी समजावायचं काय काय तेही ठरवलं होतं. तिनं चहा टाकला.

म्हणाली, तू धंदा करत नव्हतीस, कात्र्यांना आंघोळ घालत होतीस. विसातल्या चार परत, दोन बाजूला. पैसे मी घातले, फॉर्म मी भरले, कस्टम्सच्या खिडकीत मी उभी राहिले. नाव तुझं जसंच्या तसं ठेवलंय, तुझ्या दुकानात वाईट माल आणला का मी? नाही ना? दुसरं दुकान काढलं, ते माझं.

"आणि गिऱ्हाइकं?" मी विचारलं.

"गिऱ्हाइकांवर काय तुझी मालकी आहे? माझ्याकडे यादी होती, मी कळवलं."

म्हणजे सुट्ट्या नव्हत्याच. ज्याच्या हाती ससा तो पारधी, आणि ससा मीच तिच्या हातात दिला होता, वर धन्यवादही म्हटलं होतं. मी म्हटलं, ताई, त्या व्हिडिओत हात माझा आहे.

ती म्हणाली, "हातच आहे ना. तोंड कुठे दिसतंय तुझं?"

इतर कोणी असतं तर दहा उत्तरं दिली असती. चहा तसाच ठेवून उठले. दारापर्यंत ती मागून आली, आणि तिचा आवाज एकदम लहानपणीचा झाला, समजुतीचा. म्हणाली, डावरे, माझ्यावर डोळे वटारतेस, पण घरात पगार येतोय ना? तो कुठून येतो ते आधी नवऱ्याला विचार.

घरी येऊन हे लिहितेय. मला विचारायचं नाहीये. मला गाठ बघितल्याबरोबरच माहीत होतं.

२१ ऑगस्ट

विचारलं. आज 'हे' लिहवत नाही, नवरा म्हणते.

नवरा कपाळाला हात लावून बसला. कधीपासून माहीत होतं, तर पहिल्या दिवसापासून. गोदाम म्हणजे ताईच्याच घरामागची खोली. ताईनं सांगितलं होतं, जम बसेपर्यंत हिला कळू देऊ नका, उगाच त्रागा करेल. मग जम बसला, आणि सांगायची वेळ निघून गेली. माझं दुकान तसंही बुडणार होतं, असं त्याला सांगितलं होतं. ते कशानं बुडत होतं ते तो रोज स्वतःच्या हातानं बांधत होता.

मी विचारलं, "अहो, मला सांगावंसं एकदाही वाटलं नाही?"

"रोज वाटायचं. पण सांगितलं असतं तर तू बंद करायला लावलं असतंस."

"हो. लावलं असतं."

"मग मी पुन्हा इथे खिडकीत बसलो असतो." हे बोलताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

बुचं लावायला ताईनं सांगितलं होतं का, तेही विचारलं. नाही म्हणाला. ताई तर ओरडायची, वेळ जातो म्हणून. पण टोक उघडं ठेववेना. तू शिकवलंस तसाच हात चालतो, म्हणाला. त्याला वाटलं असेल हे ऐकून मला बरं वाटेल. त्या बुचांना बघूनच लोकांनी तो भंगार माल खरा मानला. ताई खोटं विकत होती ते एकवेळ कळेल, पण हा माणूस खोट्या कात्रीवर माझा खरेपणा चढवत होता, तोही नीट गाठ मारून.

आणि मी याला अंडं जास्त वाढत होते. माझ्याच गिऱ्हाइकांचे पैसे महिन्याच्या शेवटी हा मला पगार म्हणून आणून देत होता, आणि मी ते कपाळाला लावून घेत होते. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात. इथे कुंपण शेत खाऊन वर मला सपाता आणत होतं.

रडले. भरपूर रडले. ताईसाठी कमी, याच्यासाठी जास्त. शीळ आठवली म्हणून सगळ्यात जास्त.

२६ ऑगस्ट

ज्या साइटवर ही दुकानं आहेत त्यांना फोन केला, माझे व्हिडिओ काढा म्हणून. त्यांनी विचारलं, खातं कोणाच्या नावावर आहे? सांगितलं. म्हणाले, मग त्यांनाच तक्रार करायला सांगा.

तेव्हा स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या नावानं व्हिडिओ टाकला. तोंड दाखवून. केसही विंचरले नव्हते. खरी कात्री आणि खोटी कात्री शेजारी ठेवली, दोन्हीनं एकच कापड कापून दाखवलं. म्हटलं, लेफ्टी बझारमध्ये दिसतो तो हात माझा आहे, माल माझा नाही. माझ्या हाताकडे बघून कोणी घेतला असेल तर मला क्षमा करा. दुकान कोणाचं ते सांगितलं नाही. त्यासाठी खातं उघडायचा फॉर्म भरताना तिसऱ्या रकान्यात अडकले होते, पण भरला. पार्लरवालीनं तो सगळीकडे पाठवला.

संध्याकाळी ताईचा फोन. एका दिवसात अर्ध्या ऑर्डरी परत. घरातली गोष्ट चारचौघांत मांडलीस, आईला काय वाटलं असतं, असं म्हणाली. मी म्हटलं, आईचं नाव घेऊ नकोस. मी आयुष्यात पहिल्यांदा ताईच्या आधी फोन ठेवला, आणि नंतर बराच वेळ तो पुन्हा वाजेल म्हणून हातात धरून बसले. वाजला नाही.

३१ ऑगस्ट

नवऱ्यानं ताईकडचं काम सोडलं. सांगून आला. मला वाटतं, मी काहीतरी म्हणेन म्हणून दारातच थांबला होता. मी भाजी चिरत होते, चिरत राहिले.

मग म्हणाला, "या महिन्याचा पगार द्यायचाय त्यांनी. उद्या बोलावलंय. तू म्हणशील तर जात नाही. त्यांचे पैसे नकोत म्हणून तोंडावर सांगतो."

त्याला ते फार शोभून दिसलं असतं. ताईसमोर ताठ उभा राहून नको म्हणायचं आणि माझ्याकडे परत यायचं, सगळं फिटल्यासारखं. त्याच्या चेहऱ्यावर ती तयारी दिसत होती, भांगही पाडला होता.

मी म्हटलं, "जा आणि घेऊन या. ते माझे आहेत."

त्यानं हळूच विचारलं, आणल्यावर टेबलावर ठेवू का तुझ्या हातात देऊ? मी म्हटलं, टेबलावर.